बुडत्याला किती आधार हवा?



‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण सर्वजण शाळेत शिकलो. म्हण म्हणून ती ठीक आहे. पण पाण्यात उतरताना तिच्यावर भिस्त ठेवू नये. काडी कोणालाही तारीत नाही. मग काय तारते, किती तारते आणि ते अंगावर कुठे बांधावे, याचा विचार आज या सदरात करायचे आम्ही ठरविले आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडची पोरे विहिरीवर आणि नदीवर धावतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी तीच कृष्णा फुगून घराच्या उंबऱ्याशी येते. उन्हाळ्यात आपण पाण्याकडे जातो, पावसाळ्यात पाणी आपल्याकडे येते. दोन्ही वेळा नाक-तोंड पाण्याच्या वर राहणे एवढीच गोष्ट महत्त्वाची असते.

हा विषय लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांत साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा दिवस म्हणून ठरविला.

प्रथम शरीराचा हिशेब मांडू. माणसाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे जड नाही. छातीत हवा भरलेली असली तर बहुतेक माणसे तरंगतात, हवा सोडली की खाली जाऊ लागतात. अडचण येते ती डोक्याची. प्रौढ माणसाचे डोके चार-पाच किलोचे असते. ते पाण्यात असेपर्यंत पाणीच त्याचा भार घेते. पाण्याबाहेर काढले की तो भार उरलेल्या शरीराला उचलावा लागतो. म्हणून पोहता न येणारा माणूस घाबरून मान उंच करतो, दोन्ही हात वर करून हाका मारतो आणि प्रत्येक हातामागे आणखी खाली जातो. जेवढे अंग पाण्याबाहेर, तेवढे ओझे अंगावर. प्रौढ माणसाचे तोंड शांतपणे पाण्यावर राहायला सुमारे तीन ते साडेपाच किलोंचा जादा आधार पुरतो. काडीपेक्षा तो पुष्कळ जास्त आहे. पण घरात मिळू नये इतकाही मोठा नाही.

हा आधार मोजायचा कसा? आर्किमिडीजचा नियम आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो. एक लिटर पाणी बाजूला सारले की एक किलोचा उचल मिळतो. त्यातून वस्तूचे स्वतःचे वजन वजा करावे. दोन लिटरची रिकामी, घट्ट बुचाची बाटली दोन किलोला थोडी कमी असा आधार देते. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन साडेचार किलोच्या आसपास देतो, म्हणजे एका प्रौढाला बहुधा पुरतो. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा पंधरा किलोंच्या आसपास उचलतो. मात्र एक गोष्ट विसरू नये. वस्तूचा जेवढा भाग पाण्याखाली दाबला जातो, तेवढाच भाग काम करतो. पाठीवर सैल दोरीने बांधलेला डबा पाण्यावर डौलात तरंगत असतो आणि त्याखाली पोरगे गटांगळ्या खात असते. डबा तरंगतो आहे, याचा अर्थ पोर तरंगते आहे असा नव्हे.

आता आपल्या भागातील जुनी साधने पाहू. या बाबतीत आपले वाडवडील अडाणी नव्हते. पांगाऱ्याचे लाकूड पाण्याच्या निम्म्याहूनही हलके. त्याचा वाळलेला ओंडका कासऱ्याने पाठीला बांधून पिढ्यानपिढ्या पोरे विहिरीत उतरली. ओंडक्याला भोक पडण्याची भीती नाही, तो फुटत नाही, गळत नाही. कुठे घायपाताचे वाळलेले दांडे एकत्र करून त्यांचा बिंडा बांधीत. कुठे वाळलेला दुधी भोपळा वापरीत. तो फार हलका आणि उचल मोठा, पण विहिरीच्या दगडावर आपटला की तडकतो. दोन भोपळे किंवा दोन ओंडके जोडून केलेली सांगड नदी उतरायला उपयोगी पडे. पुढे डबा आला, मग प्लास्टिकचा कॅन आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आली. ऊसपट्ट्यात तर गुळाची काहिलसुद्धा पुराच्या पाण्यात घालून माणसे पैलतीरी नेलेली आहेत. काहिल पसरट असल्यामुळे सहज बुडत नाही, पण गरगर फिरते. तिच्यात बसलेल्यांनी तळाशी मधोमध बसावे. एकजण काठाकडे सरकला की काठ पाण्याखाली जातो आणि मग सगळेच पाण्यात जातात.

साधन चांगले असले तरी ते अंगावर कुठे आहे यावर सर्व काही अवलंबून आहे. हा आजच्या लेखातील मुख्य मुद्दा आहे.

डबा कमरेला बांधला तर काय होते? कंबर वर उचलली जाते आणि डोके खाली जाते. पोराचे ढुंगण वर, तोंड पाण्यात. म्हणून पाठीवरचे साधन नेहमी खाकेखाली, छातीच्या उंचीवर घट्ट बांधावे. तसे बांधले तरी पाठीवरच्या साधनाचा एक स्वभाव राहतोच. ते पाण्याच्या पृष्ठभागाकडे येऊ पाहते, त्यामुळे अंग पालथे पडते. हातपाय मारायला शिकणाऱ्याला हे सोयीचे आहे, कारण पोहताना पालथेच असावे लागते. पण पोर दमले, थांबले की तेच साधन त्याचे तोंड पाण्याकडे ढकलते. अशा वेळी पोराने काय करावे हे आधीच शिकवून ठेवले पाहिजे. काठावरचा बांबू किंवा दोरी धरावी. ती नसेल तर श्वास भरून मान मागे टाकावी आणि पायांनी हळूहळू पाणी मारावे. दम खायचा असेल तर साधन पाठीवर नको, पोटाशी हवे. कॅन छातीशी कवटाळावा, हनुवटी त्याच्यावर टेकवावी, पाय सैल सोडावेत. अशा रीतीने न पोहणारा माणूसही बराच वेळ तग धरू शकतो.

ट्यूबचा स्वभाव आणखी निराळा. ती मोठ्यांना आरामखुर्चीसारखी वाटते. पण लहान मूल तिच्या मधल्या भोकातून सटकन खाली जाते. किंवा ट्यूब उलटते आणि मूल डोके खाली, पाय वर असे अडकते. हवा भरण्याची नळी पाठीला ओरबाडते ते वेगळेच. ट्यूब घेऊन पाण्यात उतरलेल्या मुलापासून मोठ्या माणसाने हातभर अंतरापलीकडे जाऊ नये. बाजारात मिळणाऱ्या, दंडात घालायच्या रंगीत फुग्यांचेही तसेच. ती खेळणी आहेत, ती जीव वाचविण्यासाठी केलेली नाहीत.

कोणी म्हणेल, ही सारी खेड्यातली जुनी गोष्ट. आताच्या काळात तिचे काय? तर आता समुद्राकडे चला. मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे केंद्र आहे. पाठीला हवेचे सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी मासे आणि प्रवाळ पाहायला तेथे लोक जातात. आपल्या सातारा-सांगलीची नोकरदार तरुण मंडळीही जातात. पाणबुड्याच्या अंगात एक जाकीट असते. त्यात हवा भरली की तो वर येतो, सोडली की खाली जातो. या जाकिटांचे प्रकार पाहिले तर आमच्या डबा-भोपळ्याचीच आठवण होते.

पहिला प्रकार गळ्यात घालायचा, बैलाच्या जुवासारखा मानेभोवती आणि छातीवर बसणारा. त्यात हवा पुढे असल्यामुळे माणूस पाण्यावर आपोआप उताणा राहतो. पृष्ठभागावर याच्याइतका निर्धास्त प्रकार नाही. पण पाण्याखाली तो गळ्याशी अडचण करतो, म्हणून मागे पडला. दुसरा प्रकार बंडीसारखा. त्यात हवा कुशीत, खांद्यापाशी आणि पाठीशी विभागलेली असते. माणूस उभा तरंगतो, तोंड सुखाने वर राहते. मात्र हवा गच्च भरली की बरगड्या आवळल्या जातात आणि श्वास कोंडल्यासारखा होतो. तिसऱ्या प्रकारात सगळी हवा पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना. पाण्याखाली हा उत्तम, कारण अंग आडवे राहते आणि छाती मोकळी. पण वर आल्यावर त्यात भसाभस हवा भरली तर तो माणसाला पुढे पाण्याकडे लोटतो. पाठीला बांधलेला डबा जे करतो, तेच हे हजारो रुपयांचे जाकीटही करते! साधन महाग झाले म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाही.

त्यावर उपायही सोपे आहेत. हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा भरावी, छातीपर्यंत वर येण्याचा हट्ट धरू नये. मागे रेलून, पाय थोडे पुढे घेऊन आरामखुर्चीत बसल्यासारखे राहावे. कमरेचे शिशाचे वजन सगळे पोटाकडे न ठेवता थोडे मागे सरकवावे, म्हणजे पुढे झुकणे कमी होते. लाटेकडे पाठ करावी. नावेत चढेपर्यंत तोंडातली श्वासाची नळी काढू नये. खरी अडचण आली तर शिशाचे वजन सोडून द्यावे. वजन पुन्हा विकत मिळते. हे सारे शिकविणारा जाणकार सोबत असल्याखेरीज मात्र समुद्रात उतरू नये. आणखी एक. समुद्राचे पाणी खारट म्हणून किंचित जड असते, शंभराला सुमारे अडीच या प्रमाणात. त्यामुळे माणूस समुद्रात थोडा अधिक तरंगतो. जो मालवणला सहज तरंगला, त्याने कृष्णेत वा विहिरीतही तसाच तरंगेन असे धरून चालू नये.

सहल आणि हौस यांची गोष्ट येथे संपते; पुराची गोष्ट निराळी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट धरतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले, २०१९ साली ५७ फुटांच्याही वर गेले आणि २०२१ साली पुन्हा ५४-५५ फुटांपर्यंत चढले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, जिथे येरळा कृष्णेला मिळते, पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. स्त्रिया आणि लेकरे धरून दहाहून अधिक माणसे दगावली. जी जीव वाचविण्यासाठी बोटीत चढली, तीच बुडाली. या घटनेचे स्मरण झाले की आम्हांस वाटते, बोट येईल तेव्हा बोटीत कसे बसावे आणि अंगात काय घालावे, हे घराघरांत आधीच माहीत असले पाहिजे. पाणी उंबऱ्याशी आल्यावर शिकायला वेळ नसतो.

तेव्हा माता-भगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बचावाच्या बोटीत मिळते ते नारिंगी जाकीट असते. त्यात फोम पुढच्या बाजूला जास्त आणि मानेमागे गादीसारखा असतो. पुढे आणि मानेमागे आधार असल्यामुळे ते माणसाला उताणे ठेवायला मदत करते. पोहण्यासाठी आधार पाठीवर, दम खाण्यासाठी पोटाशी आणि शुद्ध हरपली तरी जगण्यासाठी छातीवर व मानेमागे, असा हा साधा हिशेब आहे. जाकिटावर ५०, १०० किंवा १५० असे आकडे छापलेले असतात. त्यांना दहाने भागले की किती किलोंचा आधार ते ढोबळमानाने कळते. ५० चे जाकीट चांगले पोहणाऱ्यासाठी आहे. न पोहणाऱ्याने १०० किंवा त्यापुढचे मागावे.

जाकीट घातल्यावर सगळे पट्टे आणि बकले लावावीत. कोणाला तरी खांद्याजवळ धरून जाकीट वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत आले तर सैल आहे. सैल जाकीट पाण्यात स्वतः वर तरंगते आणि माणूस त्याच्या आतून खाली सरकतो. मुलांच्या जाकिटाला दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो; तो तर सोडूच नये. मोठ्यांचे जाकीट लेकराला घालू नये. पदर जाकिटाच्या वर नको, आत खोचावा आणि शक्य तर काष्टा घालावा. ओले लुगडे पाण्यात माणसाला तळाला ओढते असा समज आहे. खरे म्हणजे ते पायांत गुंडाळते आणि पाय चालू देत नाही. जड होते ते पाण्याबाहेर येताना. तापोळा, बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयात नौकाविहाराला जातात तेव्हा फोटोसाठी जाकिटाची बकले सोडून बसणारी मंडळी दिसतात. त्यांनी हे वाचावे.

जाकीट नसेल तर? नदीकाठच्या प्रत्येक घराने मृगापूर्वी माणशी एक पाच लिटरचा कॅन, घट्ट बुचाचा, दोरी बांधून तयार ठेवावा. दुसरा कोणी बुडत असेल तर पोहता येत असले तरी उडी टाकू नये; बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. कॅनमध्ये वाटीभर पाणी घालून बूच लावावे, म्हणजे तो वाऱ्याने न भरकटता लांब फेकता येतो. दोरीचे टोक आपल्या हाती ठेवून काठावर पालथे पडावे आणि मग ओढावे. दोरी नसेल तेव्हा साडीचीही दोरी होते.

आता एक प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आपल्या समाजातील किती जणांना पोहता येते? आणि किती जणींना? गावात पोहायला शिकण्याची जागा म्हणजे विहीर, आणि त्या विहिरीला शिवण्याचीच आपल्या आजे-पणजांना बंदी होती. याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली बालक भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने वडिलांकडे निघाले, तेव्हा जवळ भाकरी असूनही वाटेत पाणी न मिळाल्यामुळे ती मुले उपाशी राहिली. ज्यांना घोटभर पाणी मिळत नव्हते, त्यांना पोहण्यापुरते पाणी कोण देणार? नदीकाठच्या मुलांनी नदीत, म्हशींच्या शेपट्या धरून जे शिकायचे ते शिकून घेतले. जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी मुलखात ती सोयही नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी खुले झाले. पण पोहण्याचे शिक्षण बापाकडून मुलाकडे येत असते. आजोबांना आले नाही, म्हणून बापाला आले नाही, म्हणून नातवाला आले नाही. ही साखळी कायद्याने तुटत नाही. ती कोणीतरी घरात ठरवून तोडावी लागते. मुलींच्या बाबतीत तर ‘पोरीच्या जातीला कशाला पोहणे’ हे अजून ऐकू येते. ब्रह्मनाळच्या पाण्याने मुलगा-मुलगी असा भेद केला नाही.

शिकवायचे तर क्रम असा ठेवावा. आधी हातपाय मारणे नको, आधी उताणे तरंगणे. कमरेएवढ्या, वाहत्या नसलेल्या पाण्यात आईने किंवा बापाने मुलाच्या मानेखाली हात द्यावा. कान पाण्यात बुडू द्यावेत, बेंबी वर करायला सांगावे, छाती भरून श्वास घ्यायला लावावा. हळूच हात काढावा. पाणी आपल्याला धरते, हे ज्या दिवशी मुलाला कळले त्या दिवशी निम्मी भीती गेली. मग पाठीला ओंडका किंवा कॅन बांधावा. गाठ मोठ्यांनी मारावी आणि मोठ्यांनीच सोडावी. पुढे आधार थोडा थोडा कमी करीत जावे, दोनाचा एक, मोठ्याचा लहान. एकदम काढून ढकलून देण्यात शौर्य नाही. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा त्या पट्ट्यात नदीऐवजी तलाव पाहावा. शहरात जलतरण तलाव असतात. चार घरांनी मिळून उन्हाळ्याचा एक महिना मुला-मुलींना, आणि लाज सोडून त्यांच्या आयांनाही, पाठविले तर तो खर्च लग्नातल्या मांडवाच्या खर्चापेक्षा कमीच येईल.

बुडत्याला किती आधार हवा, याचे उत्तर तीन ते साडेपाच किलो. तो खाकेखाली, घट्ट, योग्य बाजूला असावा. बाकीचा आधार माणसाने आपल्या छातीतल्या श्वासात आणि न घाबरणाऱ्या मनात शोधायचा असतो; आणि तो पुराच्या आधी, उन्हाळ्यातच कमवावा लागतो. येत्या सुट्टीत आपल्या घरातील एकाला तरी पाण्यावर उताणे तरंगायला शिकवा, एवढीच आमची विनंती आहे.